आलेला कागद पडद्यावर वाचावा कसा, छापावा कसा



तुम्ही अक्षरे शिकलात. बसची पाटी वाचता, रेशनकार्डावरचे नाव वाचता, अंगठ्याऐवजी सही करता. ही मोठी कमाई आहे. पण अलीकडे कागदाची चाल बदलली आहे. पूर्वी कागद पोस्टमन आणून देई, किंवा सोसायटीचा शिपाई वहीत सही घेऊन हातात ठेवी. आता तोच कागद मोबाईलवर नाहीतर संगणकावर येतो. सभेची नोटीस, मुलाच्या शाळेचे पत्र, बँकेचा फॉर्म, चाळीच्या पुनर्विकासाचे संमतीपत्र, सारे असेच येते.

अशा वेळी आपण काय करतो? शेजारच्या मुलाला हाक मारतो. “बाळा, काय आलंय ते बघ रे जरा.” तो वरवर बघतो आणि म्हणतो, “काकू, विशेष काही नाही, सही करायचीय फक्त.” मग आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदार दोन पाने काढून देतो. शेवटच्या पानावर आपण सही ठोकतो. मधली पाने वाचली कोणी? काकूंनी नाही, मुलाने नाही, दुकानदाराने तर नाहीच. वाचता येत असून न वाचता सही केली, तर अंगठा बरा होता असे म्हणायची पाळी येते.

म्हणून या पाठात एवढेच शिकायचे आहे: पडद्यावर आलेला कागद आपला आपण उघडावा कसा, सगळा वाचावा कसा आणि नीट छापून घ्यावा कसा. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संगणक मी निवृत्तीनंतर शिकलो. तेव्हा हे काम फार अवघड आहे, असे कोणी सांगितले तर मानू नका.

ओले मडके, भाजलेले मडके

संगणकात ठेवलेल्या कागदाला ‘फाईल’ म्हणतात. मजकुराच्या फायली मुख्यतः तीन जातींच्या असतात. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन दोनचार अक्षरे असतात. ते तिचे आडनाव समजा. आडनावावरून जात कळते. काही संगणकांवर हे आडनाव लपवलेले असते. तेव्हा फाईलवर माऊसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहावे, म्हणजे कळते.

पहिली जात साध्या मजकुराची. तिचे आडनाव टी-एक्स-टी. तिच्यात नुसती अक्षरे. ठळक नाही, तिरपे नाही, मथळा मोठा नाही. पाटीवर पेन्सिलीने लिहावे तशी.

दुसरी जात सजवलेल्या मजकुराची. तिची आडनावे आर-टी-एफ, डॉक, डॉक-एक्स, ओ-डी-टी अशी असतात. तिच्यात मथळा ठळक असतो, काही शब्द तिरपे असतात, तक्ते असतात, समास सोडलेले असतात. पण हे सगळे बदलता येते. हे ओले मडके आहे. बोट लागले की खूण उमटते.

तिसरी जात पीडीएफ. ही अडोबी नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९३ साली काढली आणि २००८ साली तिला आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. हे भाजलेले मडके. ज्याने तयार केले त्याच्याकडे पान जसे दिसते, तसेच तुमच्याकडे दिसते. ओळ इकडची तिकडे होत नाही. म्हणून सरकारी दाखले बहुधा पीडीएफमध्ये येतात. तुमच्या गावच्या जमिनीचा डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्र शासन देते, तोही पीडीएफच असतो. मात्र भाजलेले मडकेही जाणकार माणूस फोडून सांधू शकतो. पीडीएफ बदलताच येत नाही, असे समजू नये.

आत काय असते

आता सजवलेल्या फाईलच्या पोटात डोकावू. त्यासाठी जुना छापखाना आठवावा लागेल. पूर्वी शिशाचे खिळे जुळवून पुस्तक छापत. खिळे जुळवणाऱ्याला जुळारी म्हणत. लेखकाचा कागद त्याच्यापुढे असे. कागदाच्या समासात खुणा केलेल्या असत: हा शब्द ठळक घ्या, इथून नवा परिच्छेद घ्या, ही ओळ मधोमध घ्या. जुळारी त्या खुणा वाची, तसे खिळे बसवी, पण खुणा स्वतः छापीत नसे. वाचकाला ठळक शब्द दिसे. समासातली खूण दिसत नसे.

आर-टी-एफ फाईल नेमकी अशीच असते. ही रीत मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८७ साली ठरवली. हेतू असा, की एका संगणकावर लिहिलेला सजवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रोग्रामातही वाचता यावा. या फाईलमध्ये मजकूर आणि खुणा एकत्र लिहिलेल्या असतात. तिरपी रेघ काढून पुढे रोमन ‘बी’ लिहिले, की अर्थ झाला ‘इथून ठळक’. तिरपी रेघ, ‘बी’ आणि शून्य लिहिले, की ‘ठळक बंद’. तिरपी रेघ आणि ‘पी-ए-आर’ म्हणजे ‘परिच्छेद संपला’. आणि फाईलची सुरुवात होते ती महिरपी कंस, तिरपी रेघ आणि ‘आर-टी-एफ’ या अक्षरांनी.

आता हे लक्षात घ्या. फाईल एकच. पण ती कोणता प्रोग्राम उघडतो, त्यावर ती कशी दिसेल ते ठरते. ज्याला खुणा कळतात तो प्रोग्राम जुळाऱ्यासारखे काम करतो. खुणा लपवतो, ठळक शब्द ठळक दाखवतो. ज्याला खुणा कळत नाहीत, तो खुणाच आपल्यापुढे मांडतो. नोटपॅड नावाचा साधा प्रोग्राम आर-टी-एफ उघडताना असेच करतो. पडदाभर कंस, तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात. माणूस घाबरतो. “फाईल सडली,” म्हणतो आणि पुसून टाकतो. फाईल सडलेली नसते. जुळारी चुकीचा निवडला, एवढेच.

वर्डपॅड गेला, आता काय?

आर-टी-एफ वाचण्यासाठी आणि छापण्यासाठी एक छोटा, सोपा प्रोग्राम पुष्कळ वर्षे विंडोजच्या संगणकात फुकट मिळे. त्याचे नाव वर्डपॅड. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये ‘राईट’ नावाचा एक प्रोग्राम होता. १९९५ साली त्याच्या जागी वर्डपॅड आला. त्याच्याकडे फार बटणे नव्हती. उघडा, वाचा, थोडे लिहा, छापा. महाराष्ट्रात संगणकाच्या वर्गांना जाणाऱ्या हजारो मुलामुलींनी पहिले पत्र याच्यावरच टंकले असेल.

मायक्रोसॉफ्टने २०२३ साली वर्डपॅड बंद करण्याचे जाहीर केले. विंडोज-११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून तो काढून टाकला आहे. तुमच्या घरी विंडोज-१० चे जुने यंत्र असेल, तर त्यात तो अजून सापडेल. नव्या यंत्रात शोधत बसू नका.

मग नव्या यंत्रावर काय करावे? तीन वाटा आहेत.

पैसे भरून घेतलेला ‘वर्ड’ यंत्रावर असेल तर तो वापरावा. तो आर-टी-एफ, डॉक, डॉक-एक्स सगळे उघडतो.

नसेल तर ‘लिबरऑफिस’ घ्यावे. हे २०१० सालापासून निघते, जगभरचे लोक मिळून ते तयार करतात, आणि ते कोणालाही फुकट मिळते. चोरून घ्यावे लागत नाही. त्यातल्या ‘रायटर’ नावाच्या भागात वर सांगितलेल्या सगळ्या सजवलेल्या फायली उघडतात, वाचता येतात, छापता येतात.

पीडीएफसाठी वेगळे काही लागत नाही. विंडोजमध्ये ‘एज’ नावाचा ब्राउझर असतोच. तो पीडीएफ उघडतो आणि छापतोही. शिवाय ‘सुमात्रा’ नावाचा एक अगदी छोटा, फुकट प्रोग्राम आहे. तो जुन्या, मंद यंत्रावरही चटकन चालतो.

मराठी अक्षरांचे चौकोन का होतात?

घाटकोपरच्या आमच्या वर्गात एका आजींनी फाईल उघडली. पडद्यावर नुसते चौकोन. आजी म्हणाल्या, “मास्तर, मी शिकले ती अक्षरं कुठं गेली हो?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर समजून घेऊ.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. जगातल्या बहुतेक लिप्यांसाठी क्रमांकांची एकच यादी केली आहे. तिला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. या यादीत ‘क’ चा क्रमांक २३२५. ‘आ’ चा २३१०, ‘ई’ चा २३१२. म्हणजे तुम्ही ‘आई’ लिहिले, की संगणक २३१० आणि २३१२ असे दोन आकडे जपून ठेवतो. आर-टी-एफ फाईलच्या पोटातही मराठी अक्षर अशा क्रमांकानेच लिहिलेले सापडते.

क्रमांक झाला. पण अक्षराचे वळण? ते टंकात असते. टंकाला लोक ‘फॉन्ट’ म्हणतात. टंक म्हणजे जुन्या छापखान्यातली खिळ्यांची पेटी समजा. पेटीत ‘क’ चा खिळाच नसेल, तर संगणक त्या जागी रिकामा चौकोन ठेवतो. चौकोन दिसले, की अक्षर हरवलेले नसते. खिळ्यांची पेटी चुकलेली असते. मजकूर निवडावा आणि टंकाच्या यादीतून मंगल, निर्मला किंवा मुक्त यांपैकी एखादे नाव निवडावे. अक्षरे परत येतात.

यातल्या ‘मंगल’ टंकाची हकीकत आपल्याच उपनगरांशी जोडलेली आहे. त्याचे वळण रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखले. र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार. जे. जे. च्या उपयोजित कला संस्थेत त्यांनी शिकवले, नंतर पवईच्या आय. आय. टी. मध्ये शिकवले, आणि पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम केले. हे केंद्र २००३ साली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत मिळाले. मंगल टंक विंडोज-२००० बरोबर संगणकांत आला. जोशी २००८ साली वारले. आजही कुणी विंडोजवर मंगल टंकात सातबारा किंवा पत्र वाचतो, तेव्हा त्यांच्या हाताचे वळण वाचतो. ‘मुक्त’ हा टंक मुंबईच्याच ‘एक टाईप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केला आहे. तो कोणालाही फुकट वापरता येतो.

दुसरा रोग निराळा. मराठीऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसतो. अर्थ काही लागत नाही. ही फाईल बहुधा जुनी असते. युनिकोड रुळण्याआधी मराठी टंक एका युक्तीने चालत. रोमन अक्षराच्या जागी मराठी आकार बसवत. उदाहरणार्थ, कृतीदेव नावाच्या टंकात रोमन ‘डी’ च्या जागी ‘क’ बसवलेला आहे. तो टंक यंत्रात असला तर ‘क’ दिसतो, नसला तर ‘डी’. अशी फाईल आली तर पाठवणाऱ्याला सांगावे, “दादा, ही युनिकोडमध्ये करून पाठवा, नाहीतर पीडीएफ करून पाठवा.” असे सांगण्यात कमीपणा नाही.

तिसरा रोग वेलांटीचा. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. पण उच्चारात ‘क’ आधी, ‘इ’ नंतर. संगणक उच्चाराच्या क्रमाने जपतो: आधी ‘क’ चा २३२५, मग वेलांटीचा २३६७. दाखवताना मात्र वेलांटी उचलून आधी बसवायची, हे काम प्रोग्रामाचे. जोडाक्षरांचेही तसेच. ‘क्ष’ म्हणजे क, पाय मोडण्याची खूण आणि ष, असे तीन आकडे असतात. ते तिन्ही एकजीव करून दाखवायचे. प्रोग्राम कच्चा असला की वेलांटी भलत्या जागी दिसते, जोडाक्षरे पाय मोडून पडतात. तेव्हा प्रोग्राम बदलावा. अशी मोडकी पाने छापून सरकारी कचेरीत देऊ नयेत. नावात एक काना इकडचा तिकडे झाला, तरी पुढे हेलपाटे पडतात.

वाचण्याची रीत

आता फाईल उघडू.

एक. पाठवणारा ओळखीचा आहे का ते आधी पाहा. मग फाईलचे आडनाव पाहा. ई-एक्स-ई किंवा ए-पी-के असे आडनाव असेल तर हात लावू नका. तो वाचायचा कागद नव्हे, तो यंत्रावर काम करू पाहणारा प्रोग्राम आहे. २०२४ साली लग्नपत्रिकेच्या नावाखाली ए-पी-के फायली मोबाईलवर पाठवून लोकांना फसवल्याचे प्रकार देशात घडले आणि पोलिसांना जाहीर इशारे द्यावे लागले. लग्नाची पत्रिका ए-पी-के कधी नसते.

दोन. फाईलची एक प्रत काढून ठेवा. मूळ तसेच राहू द्या, प्रत उघडा. ओल्या मडक्याला बोट लागते, हे विसरू नका. वाचता वाचता चुकून एखादी कळ दाबली गेली, तर मजकूर बदलतो.

तीन. फाईलवर माऊसचे उजवे बटण दाबा, ‘ओपन विथ’ म्हणा आणि योग्य प्रोग्राम निवडा.

चार. अक्षर बारीक वाटले तर ‘कंट्रोल’ ची कळ दाबून धरा आणि माऊसचे चाक पुढे फिरवा. अक्षर मोठे होते. यात फाईल बदलत नाही, फक्त आपल्या डोळ्यांना मोठी दिसते. चाळिशी घरी राहिली तरी चालते. छापील कागदावर ही सोय नाही.

पाच. एकूण पाने किती, ते पाहा. लिबरऑफिसमध्ये खालच्या पट्टीत पानांची संख्या लिहिलेली असते. ती वहीत टिपून ठेवा. पुढे उपयोगी पडते.

सहा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. मोठ्याने वाचले तर उत्तम. न कळलेले शब्द वहीत लिहा आणि जाणकाराला विचारा.

सात. मग शोधाशोध करा. ‘कंट्रोल’ आणि ‘एफ’ या कळा एकत्र दाबल्या, की शोधण्याची चौकट येते. तिच्यात आपले आडनाव लिहा, खोली क्रमांक लिहा, ‘भाडे’ लिहा, ‘रुपये’ लिहा. जिथे जिथे तो शब्द आहे तिथे संगणक नेऊन दाखवतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मराठी ‘५’ आणि इंग्रजी पाच हे संगणकाच्या लेखी दोन निराळे आकडे आहेत. एकाने शोधले तर दुसरा सहसा सापडत नाही. दोन्ही तऱ्हांनी शोधावे. आणि पीडीएफ जर कागदाचा नुसता फोटो असेल, तर त्यात शोध चालतच नाही. तिथे डोळ्यांनीच वाचावे लागते.

आठ. फाईल बंद करताना संगणकाने विचारले, “बदल जपून ठेवू का?” तर समजा की काहीतरी बदलले गेले आहे. आपण तर नुसते वाचत होतो. तेव्हा ‘नको’ म्हणा.

छापण्याची रीत

“पडद्यावर वाचले, मग छापायचे कशाला?” असे कोणी विचारील. खरे आहे, उगाच कागद नासू नये. पण सही करायचा कागद, कचेरीत द्यायचा कागद आणि घरात चौघांनी बसून विचार करण्याचा कागद हातात असलेला बरा.

‘कंट्रोल’ आणि ‘पी’ या कळा एकत्र दाबा. छपाईची चौकट उघडते. ‘प्रिंट’ दाबण्याआधी पुढच्या गोष्टी पाहा.

पहिली, कागदाचे माप. आपल्याकडे दुकानात मिळतो तो ए-फोर कागद. तो २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच. अमेरिकेत ‘लेटर’ नावाचा कागद चालतो. तो २१६ रुंद आणि २७९ उंच. पुष्कळ प्रोग्रामांत आणि प्रिंटरांत मुळात ‘लेटर’ लावलेले असते. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण फार घोळ करतो. ए-फोरची पीडीएफ लेटर मापावर जशीच्या तशी छापली, तर तळाची पट्टी कापली जाऊ शकते. सही करण्याची जागा किंवा पानाचा आकडा नेमका तिथेच असतो. आर-टी-एफ फाईलचे माप बदलले तर काही कापले जात नाही. पण ओळी सरकतात, पाने वाढतात, आणि तुमचे पाचवे पान शेजाऱ्याच्या पाचव्या पानाशी जुळत नाही. सभेत सगळे वेगवेगळ्या ओळींवर बोट ठेवून भांडतात. म्हणून करारमदाराचा कागद पीडीएफमध्येच मागावा, आणि त्यातल्या कलमांना क्रमांक असावेत असा आग्रह धरावा.

दुसरी, पाने. ‘ऑल’ म्हणजे सगळी. आकडे लिहिले तर तेवढीच पाने छापतात. एक ते चार लिहायचे असेल तर १, आडवी रेघ, ४ असे लिहितात, मात्र इंग्रजी आकड्यांनी.

तिसरी, प्रती किती. इथे चुकून जास्त शून्ये पडली तर दुकानदार पैसे मागणारच.

चौथी, रंग. साध्या पत्राला रंग नको. काळ्यापांढऱ्यात काम होते.

पाचवी, एका बाजूला की दोन्ही बाजूंना. वाचण्यासाठी दोन्ही बाजू चालतात, कागद निम्मा लागतो. सहीचा कागद कसा हवा, ते आधी विचारून घ्यावे.

शेवटी छपाईपूर्व दर्शन पाहावे. ‘प्रिव्ह्यू’ म्हणतात त्याला. छापल्यावर पान कसे दिसेल, ते इथे आधीच दिसते. मुंज लागण्याआधी मुहूर्त पाहतात, तसे हे आधी पाहायचे असते. इथे चौकोन दिसले, तळ कापलेला दिसला, तर अजून वेळ आहे. आधी एकच पान छापून पाहावे. ते नीट आले तर बाकीची काढावीत.

दुकानात छापताना

घरोघरी प्रिंटर नसतो. अंधेरीला, बोरिवलीला, मुलुंडला स्टेशनाबाहेर झेरॉक्सची दुकाने असतात. तिथे आपण फाईल दुकानदाराच्या मोबाईलवर पाठवतो. ती छापून होते, आपण पैसे देऊन निघून येतो. फाईल मात्र तिथेच राहते. आधार कार्ड, पगाराचा कागद, दवाखान्याचा अहवाल, सारे परक्याच्या यंत्रात पडून राहते. म्हणून छापून झाल्यावर सांगावे, “भाऊ, माझी फाईल काढून टाका.” समोर उभे राहून काढून घ्यावी. यात संशय घेण्यासारखे काही नाही. सोनाराच्या दुकानातून आपण आपला दागिना परत घेतोच की.

आधार कार्डाचे सांगायचे तर ‘मास्क’ केलेले आधार मिळते. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही, तिथे ते द्यावे.

आणि पाने हातात आली की मोजावी. वहीत टिपलेली संख्या आठवते ना? संमतीपत्र बारा पानांचे असेल, तर बारा पाने हातात हवीत. पहिले आणि बारावे एवढ्यावर भागवू नये. प्रत्येक पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ जोडून वाचावी. वाक्य तुटत असेल, तर मधले पान गळलेले असू शकते. सगळे जुळले, सगळे कळले, तरच सही करावी. आणि सही करायची तर प्रत्येक पानावर करावी, म्हणजे मागाहून पान बदलणे अवघड जाते. सही केलेल्या कागदाची एक प्रत आपल्या घरी ठेवावी.

उपनगरांत आज गल्लोगल्ली जुन्या इमारती पाडून नव्या उठत आहेत. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी शासनाने ४ जुलै २०१९ च्या निर्णयात कार्यपद्धती घालून दिली आहे. सभा कशी घ्यावी, सभासदांना माहिती कशी द्यावी, हे त्यात आहे. पण शासनाने कितीही नियम केले, तरी आपल्या हाती आलेला कागद आपल्यासाठी दुसरे कोणी वाचणार नाही. डोक्यावरचे छप्पर एका सहीने जाते किंवा राहते. ती सही आपली असते.

शेजारच्या मुलाला हाक जरूर मारा. तो भला आहे. पण त्याला सांगा, “बाळा, कुठलं बटण दाबायचं ते दाखव. वाचते मी.”

अभ्यास

१. आपल्या मोबाईलवर किंवा संगणकावर आलेल्या तीन फायलींची आडनावे वहीत लिहा. कोणती ओले मडके, कोणती भाजलेले, ते सांगा.

२. चौकोन दिसणे आणि रोमन अक्षरांचा काला दिसणे, या दोन रोगांत फरक काय? प्रत्येकाचा उपाय काय?

३. ए-फोर आणि लेटर या कागदांची मापे लिहा. पट्टीने मोजून घरातला कागद कोणता ते पाहा.

४. आपल्या सोसायटीची किंवा मुलाच्या शाळेची एक नोटीस स्वतः उघडा, मोठ्याने वाचा, एकूण पाने मोजा आणि घरच्यांना तिचा अर्थ समजावून सांगा.